पाहणाऱ्याचा वाटा

वर्णद्वेषाच्या प्रत्येक प्रसंगात किमान तीन पक्ष असतात. एक अपमान करणारा, दुसरा तो सोसणारा आणि तिसरा तो होताना पाहणारा. पहिल्या दोघांविषयी धर्मग्रंथांनी, कायद्याने आणि साहित्याने भरपूर लिहिले आहे. तिसऱ्याचा विचार त्या मानाने कमी झाला, आणि संख्येने तोच सर्वांत मोठा असतो. भरलेल्या बसमध्ये एकाने दुसऱ्याला कातडीच्या रंगावरून हिणवले, तर उरलेले सगळे उतारू या तिसऱ्या पक्षात मोडतात. त्यांनी काहीच केलेले नसते. काहीच न केल्याने त्यांच्या पदरी दोष येतो का, आणि येत असेल तर कशामुळे, हा धर्माचा आणि नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे.

रोजच्या व्यवहारातला वर्णद्वेष हा प्रश्न आणखी अवघड करतो. मारहाण, जाळपोळ, खून यांच्या बाबतीत काय घडले याविषयी शंका नसते. पण दुकानदार सगळ्यांच्या हातात सुटे पैसे देतो आणि एकाच गिऱ्हाइकापुढे ते फळीवर टाकतो. घरमालक फोनवर खोली रिकामी असल्याचे सांगतो आणि माणूस दारात उभा राहिला की ती नुकतीच दिल्याचे सांगतो. आगगाडीत गर्दी असते, तरी एका उतारूशेजारची जागा शेवटपर्यंत भरत नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीला दुसरे एखादे साधे कारण असू शकते. ते कारण खरे नाही हे सोसणाऱ्याला लगेच कळते, कारण त्याच्यावर ही वेळ आज पहिल्यांदा आलेली नसते. पाहणाऱ्यासमोर मात्र एकच सुटा प्रसंग असतो. संशयाचा फायदा करणाऱ्याला देऊन तो मोकळा होतो.

आपण असे गप्प बसणार नाही, असे बहुतेकांना मनापासून वाटते. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील केरी कावाकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या समजुतीचा कस पाहिला. एका खोलीत कृष्णवर्णीय माणसाचा दुसऱ्याला ओझरता धक्का लागतो आणि तो बाहेर गेल्यावर धक्का लागलेला गोरा माणूस त्याच्याविषयी वर्णद्वेषी उद्गार काढतो, असा प्रसंग रचलेला होता. ज्यांना या प्रसंगाचे केवळ वर्णन सांगितले किंवा चित्रफीत दाखवली, त्यांनी आपण फार अस्वस्थ होऊ आणि त्या माणसाबरोबर काम करायला तयार होणार नाही, असे सांगितले. जे प्रत्यक्ष त्या खोलीत बसले होते त्यांना तेवढी अस्वस्थता जाणवलीच नाही, आणि पुढच्या कामासाठी जोडीदार निवडताना त्यांनी त्या माणसाला टाळलेही नाही. या निष्कर्षातली गंभीर बाब धैर्याच्या अभावापेक्षा खोल आहे. संताप आला आणि भीतीने दाबला गेला, असे घडलेच नाही. संताप मुळात कमी आला.

महाभारताच्या सभापर्वात पाहणाऱ्याचा दोष जवळजवळ हिशेबासारखा मांडला आहे. द्रौपदी भरसभेत प्रश्न विचारते आणि उत्तर कोणी देत नाही. कौरवांपैकी एकटा विकर्ण बोलतो. तेव्हा विदुर सभासदांना प्रल्हादाची गोष्ट सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून वाद होतो. दोघे प्राण पणाला लावतात आणि निवाड्यासाठी प्रल्हादाकडेच येतात. खरे सांगावे तर मुलाच्या जिवावर बेतते. माहीत असून न बोलणाऱ्याची गती काय, असे प्रल्हाद कश्यपाला विचारतो. काम, क्रोध किंवा भय यांपायी गप्प राहणारा साक्षीदार वरुणाच्या हजार पाशांत अडकतो आणि वर्षाकाठी त्यातला एकच पाश सुटतो, असे कश्यप सांगतो. पुढे तो वाटणी सांगतो. ज्या सभेत निंद्य कृत्याची निंदा होत नाही, तिथे पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे जातो, पाव भाग करणाऱ्याकडे आणि पाव भाग गप्प बसलेल्या सभासदांकडे.

प्रत्येकाने आपल्याच कर्माचे फळ भोगायचे, या सिद्धान्ताशी ही वाटणी वरवर पाहता जुळत नाही. दुसऱ्याचे पाप आपल्याकडे कसे येईल? पण कश्यपाच्या उत्तरात गप्प बसणे हेच कर्म मानले आहे. सभेला एक अधिकार असतो. तिच्यासमोर घडलेली आणि तिने न अडवलेली गोष्ट तिच्या संमतीने घडली, असा अर्थ बाहेर जातो. हा अर्थ करणाऱ्यालाही कळतो, सोसणाऱ्यालाही कळतो. संमती हे कृत्य आहे, आणि त्याचे फळ ज्याचे त्याला मिळते.

या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा ठरतो. प्रल्हादाला साक्ष द्यायची आहे ती स्वतःच्या मुलाविरुद्ध, आणि तो ती देतो. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातील १३५ वी आयतही न्यायासाठी साक्ष द्यायला सांगताना ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध जात असली तरी द्या, असे बजावते. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पाहिलेले वा माहीत असलेले न सांगणाऱ्याच्या माथी दोष ठेवला आहे. लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यात जखमी माणसाला पाहून रस्त्याच्या पलीकडून निघून जातात ते त्याच्याच समाजातले याजक आणि लेवी, आणि थांबतो तो तुच्छ मानला गेलेला शोमरोनी. परक्याविरुद्ध साक्ष द्यायला फारसे बळ लागत नाही. धर्मग्रंथांची कसोटी लागते ती आपल्या माणसापाशी.

वर्णद्वेषाच्या प्रसंगी पाहणारा बहुधा करणाऱ्याच्याच गटातला असतो, हे येथे लक्षात घ्यायला हवे. करणारा जे करतो ते पाहणाऱ्याच्या भरवशावर करतो. कोणी काही म्हणणार नाही ही खात्री नसती तर अपमान तोंडातून बाहेर पडला नसता. त्यामुळे पाहणारा हा योगायोगाने तिथे असलेला माणूस राहत नाही, तो त्या कृत्याच्या शक्यतेचा भाग असतो. त्याचा वाटा ठरतो तो इथे.

याचा उलटा पुरावाही इतिहासात आहे. ७ जून १८९३ रोजी मोहनदास गांधींना पीटरमारित्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवले गेले, ही घटना सर्वांना ठाऊक असते. त्याच प्रवासात पुढे चार्ल्सटाउनपासून घोडागाडीने जाताना जे घडले ते कमी सांगितले जाते. गाडीच्या गोऱ्या प्रमुखाने त्यांना पायाजवळच्या फळीवर बसायला सांगितले आणि नकार मिळताच मारायला सुरुवात केली. तेव्हा आत बसलेले गोरे उतारू मध्ये पडले. त्याला सोडा, त्याचे म्हणणे रास्त आहे, हवे तर त्याला आमच्याबरोबर आत बसू द्या, असे ते म्हणाले. मारणारा थांबला. त्या उतारूंनी कायदा बदलला नाही, गांधींना मूळच्या जागी सन्मानाने बसवलेही नाही. आपल्या नावावर चाललेली गोष्ट त्यांनी आपल्या नावावर चालू दिली नाही, एवढेच. तेवढ्याने मार थांबला.

असे बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हा आक्षेप खरा आहे. मालकाच्या घरी राबणारी बाई आणि त्या मालकाचा पाहुणा यांच्या मौनाला एकाच मापाने मोजणे अन्याय होईल. ‘सहीह मुस्लिम’मधील प्रसिद्ध हदीस हा फरक ओळखते. अनिष्ट दिसले तर ते हाताने बदलावे, ते जमत नसेल तर जिभेने, तेही जमत नसेल तर मनाने, आणि ही शेवटची पायरी श्रद्धेची सर्वांत दुबळी पायरी आहे, असे ती सांगते. म्हणजे असहाय माणसालाही एक कर्तव्य उरतेच. जे अयोग्य आहे त्याला मनात योग्य म्हणू नये, हे ते कर्तव्य. हे सोपे वाटते, पण रोज दिसणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत तेच सर्वांत आधी सुटते.

दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चचा इतिहास हे सुटणे कसे घडते ते दाखवतो. १८२९ मध्ये या चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, प्रभुभोजन रंग वा वंशाचा भेद न करता सर्वांना एकत्र द्यावे, असा निर्णय दिला. शास्त्रवचन स्पष्ट होते. पण गोऱ्या शेतकऱ्यांना काळ्या ख्रिस्ती बांधवांबरोबर एका प्याल्यातून द्राक्षारस घेणे रुचत नव्हते. १८५७ च्या सिनडने तोडगा काढला. एकत्र उपासना हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे असे मान्य करून, काहींच्या दुबळेपणामुळे जिथे अडचण येते तिथे वेगळी उपासना चालेल, असे ठरले. दुबळेपणा म्हणजे गोऱ्यांच्या मनातला तिटकारा. चूक मान्य असलेली ही सवलत होती. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळे मिशन चर्चच स्थापन झाले. पुढच्या काही पिढ्यांत सवलतीचा रिवाज झाला, रिवाजाचा नियम झाला आणि नियमासाठी ईश्वरी आधार शोधला गेला. १९४८ नंतर सरकारने वर्णभेदाची राजवट उभी केली, १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाचा वंश सरकारी दप्तरात नोंदवला आणि १९५३ च्या कायद्याने बाके, दारे, समुद्रकिनारे वेगळे करून ते समान दर्जाचे असण्याचीही गरज नाही असे ठरवले. तोवर धर्मशास्त्रीय समर्थन तयार होते. बाबेलच्या मनोऱ्याची कथा वेगळेपणाचा दैवी आदेश म्हणून वाचली गेली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात देवाने एकाच मुळापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली आणि त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या, असे एकच वचन आहे. विरोधक त्याचा पहिला अर्धा भाग वाचत, समर्थक दुसरा.

या चर्चमध्ये दर रविवारी बसणारे लोक दुष्ट होते असे मानले तर प्रश्न सोपा होतो, आणि चुकतो. त्यांतले बहुतेक कुटुंबवत्सल आणि श्रद्धाळू होते. बायर्स नॉडे यांचे चरित्र यासाठी मोलाचे आहे. १९१५ मध्ये जन्मलेले नॉडे गोऱ्या आफ्रिकानेर समाजाच्या गाभ्यातले. त्यांचे वडील ब्रुडरबाँड या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी होते आणि ते स्वतःही तरुणपणीच तिचे सभासद झाले. चर्चमध्ये ते मोठ्या पदावर पोहोचले. काळ्या वस्त्या त्यांच्या घरापासून दूर नव्हत्या, काळी माणसे रोज त्यांच्या दृष्टीस पडत होती. तरीही १९५० च्या दशकात मिशन चर्चमध्ये काम करणाऱ्या तरुण पाळकांनी, आमच्या मंडळींत येऊन काय चालले आहे ते एकदा पाहा, असा आग्रह धरला, तेव्हाच त्यांनी ते पाहिले. कायद्याने मोडलेली कुटुंबे आणि कामगारांची वसतिगृहे पाहून ते हादरले. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ निदर्शकांना ठार केले. त्याच वर्षअखेरीस कॉटस्लो येथील परिषदेत चर्चच्या प्रतिनिधींनी वर्णभेदावर टीका करणारा ठराव केला आणि सरकारचा रोष होताच चर्चने तो नाकारला. नॉडे मागे हटले नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी ख्रिश्चन इन्स्टिट्यूटचे काम स्वीकारले, पाळकपद सोडले आणि माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे या वचनावर निरोपाचे प्रवचन दिले. स्वजनांनी त्यांना द्रोही ठरवले. १९७७ ते १९८४ या काळात सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. एका वेळी एकाहून अधिक माणसांना भेटण्याची त्यांना मुभा नव्हती.

नॉडे यांच्याइतक्या प्रामाणिक माणसालाही डोळ्यांसमोरचे दिसायला कोणीतरी हाताला धरून न्यावे लागले, यात साक्षीच्या प्रश्नाचे मर्म आहे. जे आपल्या सोयीचे असते ते दिसेनासे होते. म्हणून पाहणे हे आपोआप घडणारे नाही, ते प्रयत्नाने करायचे कर्म आहे, आणि ज्याला व्यवस्थेचा लाभ मिळतो त्याच्यावर त्याचा भार अधिक आहे.

दैनंदिन वागण्याचे बळ दुसऱ्या बाजूनेही दिसते. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू लहानपणीची एक आठवण सांगत. त्यांची आई घरकाम व स्वयंपाकाची कामे करणारी, अल्पशिक्षित कृष्णवर्णीय स्त्री. ट्रेव्हर हडलस्टन या गोऱ्या इंग्रज धर्मगुरूंनी तिला पाहून आदराने टोपी उंचावली. गोरा माणूस काळ्या कामकरी बाईला असा मान देतो, हे त्या मुलाने कधी पाहिले नव्हते. वर्णद्वेषी समाजाने जे रोज शिकवले होते ते खोटे असू शकते, हे त्याला त्या दिवशी कळले. साक्षीदार येथे एक मूल आहे, आणि मुले अशा गोष्टी मोठ्यांपेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहतात.

गौतम बुद्धांनी वासेट्ठ सुत्तात जो युक्तिवाद केला आहे, तोही पाहण्याविषयीचाच आहे. गवत, झाडे, कीटक, पक्षी यांच्यात जातीजातींची वेगळी चिन्हे अंगावर दिसतात. माणसाचे केस, डोके, कान, डोळे, रंग तपासले तर तसे चिन्ह सापडत नाही. माणसांतले भेद व्यवहाराच्या नावांचे आहेत. सुत्तातील चर्चा जन्माने ब्राह्मण ठरतो की कर्माने या वादातून निघाली असली, तरी वंशाच्या कल्पनेलाही ती लागू पडते. जिथे निसर्गात भेद नाही तिथे तो दिसत असेल, तर डोळ्यांना तो शिकवला गेला आहे.

पाहणाऱ्याच्या दोषाचे सर्वांत काटेकोर विश्लेषण विसाव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी केले. महायुद्धानंतर १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्ग येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी दोषाचे चार प्रकार सांगितले. कायदा मोडण्याचा गुन्हा न्यायालय ठरवते. राज्याच्या कृत्यांची राजकीय जबाबदारी सर्व नागरिकांवर येते. नैतिक दोषाचा निवाडा स्वतःची सदसद्विवेकबुद्धी करते. चौथा पारमार्थिक दोष आहे. आपण हजर असताना वा आपल्याला माहीत असताना अन्याय झाला आणि तो टाळण्यासाठी शक्य ते सारे न करता आपण जिवंत राहिलो, याचा हिशेब फक्त ईश्वरापुढे द्यायचा असतो. यास्पर्स यांची पत्नी ज्यू होती आणि दोघे त्या काळात जर्मनीतच होते, त्यामुळे हे विवेचन दुरून केलेले नव्हते. त्याचा मोठा उपयोग असा की, सगळे जर्मन गुन्हेगार आहेत हा सरधोपट आरोप आणि मी तर काही केले नाही हा सरधोपट बचाव, दोन्ही त्याने निकामी होतात. दोष सामूहिक नसतो, जबाबदारी सामूहिक असू शकते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला १८७३ मध्येच एक उत्तर मिळाले होते. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रोंच्या गुलामीविरुद्ध निःस्वार्थपणे झीज सोसली त्यांना अर्पण केले. ही अर्पणपत्रिका गुलामीतून मुक्त झालेल्यांऐवजी ज्यांच्यावर गुलामी आलेली नव्हती आणि तरी ज्यांना ती पाहवली नाही, अशांना उद्देशून आहे. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी अपेक्षाही तिच्यात आहे. जात आणि वंश या एकच गोष्टी नाहीत. जात ही वंशांची विभागणी नव्हे, असे बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात ठामपणे सांगितले. पण पाहणाऱ्याकडून काय मागायचे, याबाबत फुल्यांची मागणी दोन्हीकडे तीच राहते.

सोसणारा आणि पाहणारा यांच्या भूमिका कायमच्या वाटलेल्या नसतात, हेही नोंदवणे आवश्यक आहे. स्थानकावर उतरवले गेलेल्या गांधींनीच पुढच्या काही वर्षांत मूळ आफ्रिकी लोकांविषयी तुच्छतेने लिहिले. दर्बनच्या टपाल कार्यालयात आशियाई आणि आफ्रिकी लोकांना एकाच दाराने जावे लागते, ही भारतीयांची तक्रार होती, आणि मागणी वेगळ्या दाराची होती. त्यांचे विचार नंतर बदलले. पण त्या काळातील लेखनावर घाना विद्यापीठातील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला आणि २०१८ च्या डिसेंबरात तेथील त्यांचा पुतळा हलवण्यात आला. अपमान भोगल्याने दृष्टी आपोआप स्वच्छ होत नाही. आजच्या भारतातही ईशान्येकडील राज्यांतून आलेल्यांना चेहऱ्यावरून हाका मारल्या जातात. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याची अशीच टर उडवली गेली, भांडण मारहाणीवर गेले आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानाविरुद्ध फौजदारी कायद्यात वेगळी कलमे सुचवली. कायदा अपमान करणाऱ्याला गाठू शकतो. सुरुवातीच्या हसण्यात जे सामील असतात, त्यांना तो गाठत नाही.

आता उरतो तो साक्षीच्या मर्यादेचा प्रश्न. पाहणाऱ्याने बोलावे हे मान्य केले की लगेच दुसरा धोका उभा राहतो. त्याचे बोलणे सोसणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा अधिक खरे मानले जाऊ लागते. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ च्या ग्रंथात याला ज्ञानविषयक अन्यायाचा एक प्रकार म्हटले आहे. ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या शब्दाला मिळायला हवे तेवढे वजन मिळत नाही. अमेरिकी लेखक जॉन हॉवर्ड ग्रिफिन यांचा अनुभव याचे ठळक उदाहरण आहे. १९५९ च्या अखेरीस त्यांनी औषधे आणि प्रखर दिवे यांच्या साहाय्याने आपली कातडी काळी करून घेतली आणि दक्षिणेकडील राज्यांतून प्रवास केला. १९६१ मध्ये ‘ब्लॅक लाइक मी’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि देशभर खळबळ उडाली. त्यात सांगितलेले जवळजवळ सारे काही कृष्णवर्णीय माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत होती. पुढे सभांमधून, कृष्णवर्णीय जाणकार समोर बसलेले असताना, त्यांच्या समाजाविषयीचे प्रश्न लोक ग्रिफिन यांनाच विचारत. ही विसंगती त्यांनी स्वतःच बोलून दाखवली आणि हळूहळू बाजूला होणे पत्करले. म्हणजे साक्षीदाराच्या शब्दाला वजन येते ते ज्या पूर्वग्रहाविरुद्ध तो बोलतो त्यातूनच. ते वजन वापरावे, पण सोसणाऱ्याच्या जागी बसण्यासाठी वापरू नये.

क्षमेच्या बाबतीत ही मर्यादा आणखी टोकदार होते. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड असल्याचे जाहीर केले आणि दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या चर्चचे सभासदत्व स्थगित केले. १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथे भरलेल्या चर्च परिषदेत डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी स्वतःचा आणि आपल्या आफ्रिकानेर समाजाचा दोष उभे राहून कबूल केला. आर्चबिशप टुटू यांनी तो कबुलीजबाब तिथल्या तिथे स्वीकारला आणि क्षमा जाहीर केली. त्यावर काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी हरकत घेतली. आमच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार टुटूंना कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. पाहणारा आपला वाटा कबूल करू शकतो. तो माफ करणे ज्याच्या हाती आहे त्याने ते कधी आणि कसे करावे, करावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार साक्षीदाराकडे नाही, आणि सोसणाऱ्यांतल्या सर्वांत आदरणीय माणसाकडेही तो आपोआप येत नाही.